दुसरा पाईप

(रौप्यमहोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी पार्किंगमधल्या मांडवात झालेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून वक्त्यांनी तो स्वतः लिहून दिला आहे.)



लहान मुलांचा नाच नुकताच संपलाय आणि जेवण अजून सुरू व्हायचंय. या दोन्हींच्या मधली वीस मिनिटं मला दिली आहेत. विषय आहे सांडपाण्याचा, तोही जेवणाच्या आधी. सेक्रेटरींनी मला विचारलं होतं, "मॅडम, जरा हलका विषय घेता येईल का?" मी म्हटलं, तेहतीस वर्षं एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाचं पाणी आणि ड्रेनेज सांभाळलं, माझ्याकडे हलका विषय येणार कुठून?

आपण इथे राहायला आलो तेव्हा आजूबाजूला शेतं होती, आठवतं ना? पहिल्या वर्षी महापालिकेचं पाणी दोन्ही वेळा यायचं. पहिला टँकर आला तेव्हा मुलं गॅलरीतून टाळ्या वाजवत होती, कारण एवढा मोठा टँकर मागे घेताना ड्रायव्हरची उडणारी तारांबळ त्यांना गमतीची वाटली. आज त्याच मुलांची मुलं इथे नाचली, आणि त्यांना टँकर म्हणजे रोजचीच गोष्ट. मार्च लागला की टँकर, मे महिन्यात दिवसाला दोन.

आता मुद्द्यावर येते. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभेपुढे पाण्याचे पाईप बदलण्याचा ठराव येतोय. गच्चीवरच्या टाकीतून खाली घराघरांत उतरणारे आपले जीआय पाईप पंचवीस वर्षांचे झाले. आतून गंजून त्यांचं भोक करंगळीएवढं राहिलंय. ते बदलावेच लागणार, त्यावर कुणाचं दुमत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की डक्ट उघडणार, परांची बांधणार, तर त्याच वेळी प्रत्येक विंगला फ्लशसाठी एक दुसरा, वेगळा पाईप टाकून घ्या. या एका वाक्यावरून लिफ्टमध्ये आणि वॉट्सअ‍ॅपवर बरंच बोलून झालंय. "संडासाचं पाणी परत घरात आणणार म्हणे" असंही कानावर आलं. म्हणून हे भाषण.

आधी थोडा हिशोब. आपली ९६ घरं. सरासरी चार माणसं धरली तर ३८४. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, आणि त्यातले ४५ लिटर फ्लशचे. ३८४ गुणिले ४५ म्हणजे रोज १७,२८० लिटर. आपल्याकडे येणारा टँकर दहा हजारांचा. म्हणजे पावणेदोन टँकर भरून, पिण्यालायक, पैसे मोजून घेतलेलं पाणी आपण रोज संडासात ओततो. मे महिन्यात टँकर किती येतात, ते मी आत्ताच सांगितलं. जुळवून बघा.

हे काही आपल्यालाच पहिल्यांदा सुचलेलं नाही. जपानमध्ये फुकुओका नावाचं शहर आहे. जवळ मोठी नदी नाही. १९७८ साली तिथे असा दुष्काळ पडला की २८७ दिवस पाणीकपात चालली. जवळजवळ दहा महिने! त्यानंतर त्या शहराने धडा घेतला. १९८० पासून शहराच्या मैलापाणी केंद्रात शुद्ध केलेलं पाणी वेगळ्या पाईपने मोठ्या इमारतींना द्यायला सुरुवात झाली, फक्त फ्लशसाठी. मोठी इमारत बांधायची तर दुहेरी पाईप घालायचे, हा तिथला रिवाज झाला. १९९४ साली पुन्हा दुष्काळ पडला आणि कपात पुन्हा २९५ दिवस चालली. म्हणजे दुसऱ्या पाईपने पाऊस पडत नाही, हेही खरं. पण एवढ्या लोकांच्या फ्लशचं पाणी धरणातून येत नव्हतं, हा फरक लहान नाही.

टोकियोतलं उदाहरण मला जास्त आवडतं. तिथे सुमिदा नावाचा भाग आहे, सखल. पाऊस आला की गटारं तुंबून पाणी घरात शिरायचं. तिथल्या स्थानिक कारभारातले एक कर्मचारी, माकोतो मुरासे, यांच्या डोक्यात आलं की छपरांवरचं पाणी गटारात जाण्याआधीच अडवलं तर पूरही कमी होईल आणि पाणीही मिळेल. त्याच सुमाराला तिथे सुमो कुस्तीचं नवं भवन उभं राहत होतं, र्‍योगोकु कोकुगिकान. कुस्ती संघटनेला ते पटवलं गेलं. १९८५ मध्ये भवन सुरू झालं ते छपराचं ८,४०० चौरस मीटर पाणी गोळा करणारं. तळघरात १,००० घनमीटरची टाकी, म्हणजे दहा लाख लिटर. ते पाणी संडासांना आणि वातानुकूलन यंत्रणेला वापरतात. एका सरकारी नोकराने पाठपुरावा केला म्हणून हे झालं, हे मला सरकारी नोकरी केलेल्या बाईला जरा जास्तच भावतं.

"मग आपणही गच्चीचं पावसाचं पाणीच वापरू या, सांडपाणी कशाला?" हा प्रश्न मला ए विंगमधल्या दोघांनी विचारला. प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर टोकियोत वेगळं आणि पुण्यात वेगळं. आपल्या तिन्ही गच्च्या मिळून साधारण १,२०० चौरस मीटर भरतात. पुण्याचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. गळती, बाष्प, पहिल्या सरीचं घाण पाणी सोडून द्यायचं, हे वजा जाता सात लाख लिटर हाती येईल. ऐकायला खूप वाटतं. पण १७,२८० ने भागा, चाळीस दिवस. आणि तो सगळा पाऊस चार महिन्यांत, जेव्हा महापालिकेचं पाणीही व्यवस्थित असतं तेव्हाच येतो. टोकियोत बाराही महिने थोडा थोडा पाऊस असतो, टाकी रिकामी होते तशी भरते. आपल्याला मे महिन्यासाठी साठवायचं तर पार्किंगची निम्मी जागा टाकीत जाईल. तेव्हा गच्चीचं पाणी बोअरजवळ जिरवा, ते चालूच ठेवा. पण अंघोळीचं पाणी बघा, ते ३६५ दिवस येतं. पाऊस पडो न पडो, माणूस अंघोळ करतोच. निदान आपल्या सोसायटीत करतो, अशी माझी समजूत आहे.

आपल्या पूर्वजांनी मात्र साठवूनच भागवलं होतं. कान्हेरीची लेणी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असतील. तिथे शंभराच्या वर लेणी आहेत आणि बहुतेक लेण्यांच्या दाराशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी. तिथल्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलंय. डोंगराच्या उतारावर बारीक पन्हाळी खोदून पाणी त्यांत वळवलेलं. एवढे भिक्षू एका जागी राहत होते, म्हणजे मोठी सार्वजनिक वास्तूच ती. आणि पोढी दान दिल्याचे लेख आहेत, म्हणजे पाण्याच्या सोयीला वर्गणी काढायची पद्धतही जुनीच! फक्त त्यांना फ्लश नव्हता आणि डोंगर पोकळ करायची मुभा होती.

आता सॅन फ्रान्सिस्को. माझी भाची तिथे असते, मी २०१६ मध्ये गेले होते. लोक पूल बघायला जातात, मी तिथल्या पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत गेले. भाची अजून हसते. तेरा मजली इमारत, २०१२ मध्ये उघडली, नऊशेच्या वर माणसं तिथे काम करतात. त्या इमारतीचं सगळं सांडपाणी, संडासासकट, इमारतीतच शुद्ध होतं आणि परत फ्लशला जातं. रोज ५,००० गॅलन, म्हणजे आपले सुमारे १९,००० लिटर. आपला आकडा काय होता? १७,२८०. तेव्हा "एवढं मोठं काम आपल्याला कसं झेपणार" असं म्हणू नका, काम साधारण आपल्याच मापाचं आहे.

आणि ते कुठे शुद्ध होतं? दारात. फुटपाथलगत आणि आत स्वागतकक्षात झाडांचे लांब लांब वाफे आहेत. मैला आधी जमिनीखालच्या टाकीत बसतो, मग वरचं पाणी या वाफ्यांत सोडतात. वाफ्यात माती नाही, खडी आहे. पाणी भरतं, ओसरतं, पुन्हा भरतं, भरती-ओहोटीसारखं. ओसरताना खडीत हवा शिरते आणि खडीला चिकटलेले जिवाणू घाण खाऊन टाकतात. शेवटी गाळणी, अतिनील दिवा आणि क्लोरीन. मी त्या वाफ्यापाशी दहा मिनिटं उभी राहिले, मुद्दाम नाक घालून. ओल्या मातीचा वास. दुसरं काही नाही. पूर्वी अशा कचेरीत माणशी १२ गॅलन पाणी लागायचं, इथे ५ लागतं. बारा गॅलन म्हणजे ४५ लिटर, आपल्या नियमावलीतही कचेरीसाठी माणशी ४५ लिटरच धरतात.

भारतातही झालंय. हैदराबादला सीआयआयचं सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर आहे, २००४ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते उद्घाटन झालेलं. तिथेही वनस्पतींच्या मुळांमधून सांडपाणी गाळून बागेला वापरतात, इमारतीबाहेर गटारात काही सोडत नाहीत. आम्हाला प्रशिक्षणाला नेलं होतं. आमच्यातले निम्मे लोक इमारतीचे फोटो काढत होते, मी माळ्याशी बोलत बसले. तो म्हणाला, जाळीतला कचरा रोज काढावा लागतो, एक दिवस चुकला की वास. हे वाक्य कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं.

सगळं गोड गोडच सांगणार नाही. सिअ‍ॅटल शहरात बुलिट सेंटर म्हणून सहा मजली कचेरी आहे, २०१३ ची. जगातल्या सगळ्यात हिरव्या इमारतींपैकी एक म्हणून गाजली. तिथे पाण्याऐवजी खत करणारे संडास बसवले होते. काही वर्षांनी त्यांच्या देखभालीचं ओझं इतकं झालं की ते काढून टाकले. हुशार माणसं, हवा तेवढा पैसा, आणि तरीही. मला त्यांचं कौतुक वाटतं ते यासाठी की त्यांनी चूक लपवली नाही.

माझ्या चुकीचं आता सांगते. हे मी या सोसायटीत कुणाला सांगितलेलं नाही, घरी फक्त यांना माहीत होतं.

आमच्या रुग्णालयात सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट बसला. रुग्णालय म्हणजे पाण्याचा राक्षस. शंभराच्या वर खाटा असल्या की खाटेमागे दिवसाला ४५० लिटर धरायचे. प्लांट उत्तम चालला. ते पाणी बागेला आणि एका नव्या विंगच्या फ्लशला द्यायचं ठरलं. दुसरा पाईप टाकला. कंत्राटदाराने दोन्ही पाईप एकाच रंगाचे, एकाच डक्टमध्ये शेजारी शेजारी घातले. फ्लशच्या पाईपला वेगळा रंग द्यायचा होता. रंगाचं बिल अडकलं होतं. मी म्हटलं, होईल पुढच्या महिन्यात, आणि काम ताब्यात घेतल्याची सही केली. चाचणीही पुरती केली नाही. पिण्याची लाइन बंद करायची, सगळे नळ उघडायचे, आणि फ्लश सोडून कुठेही थेंब येत नाही ना बघायचं, एवढी साधी चाचणी. विंग लगेच सुरू करायची घाई होती.

सात-आठ महिन्यांनी एका वॉर्डमधलं बेसिन दुरुस्त करायला रात्रपाळीचा प्लंबर गेला. अंधारात जो पाईप जवळ सापडला त्याला त्याने जोड दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डमधल्या मावशी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाई, त्या नळाच्या पाण्याला तळ्याचा वास येतोय." मी धावत गेले. अर्ध्या तासात लाइन बंद केली. त्या पाण्यामुळे कुणी आजारी पडल्याचं पुढे आलं नाही. पण त्या वॉर्डमध्ये कोण होते ते मला माहीत होतं आणि पुढचे पंधरा दिवस मी रोज तिथल्या नोंदी बघायला जात होते.

प्लंबरला मेमो मिळाला, मला मिळाला नाही. सही माझी होती, रंग मी लावून घेतला नव्हता, त्याला अंधारात कळणार कसं? मी हे त्या वेळी मोठ्याने बोलले नाही. त्यानंतर वरून आदेश आला, शुद्ध केलेल्या पाण्याचा पुनर्वापर बंद. मी त्यालाही मान डोलावली. चार वर्षं तो प्लांट पाणी शुद्ध करत होता आणि ते स्वच्छ पाणी आम्ही नाल्यात सोडत होतो. दुसऱ्या दाराने टँकर येत होते. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं पुन्हा सुरू करता आलं. या वेळी आधी रंग, मग चाचणी, मग सही.

म्हणून लिफ्टमध्ये कुणी म्हणतं, "चुकून पिण्याच्या पाण्यात मिसळलं तर?", तेव्हा मला राग येत नाही. मिसळू शकतं. माझ्या हातून मिसळलंय. त्यावरचा उपाय मला माहीत आहे तो इतकाच: पाईप टाकतानाच वेगळ्या रंगाचा टाकायचा, वरून रंग फासायचा भरवसा धरायचा नाही. दर मजल्यावर डक्टमध्ये पाटी. गच्चीवर वेगळी टाकी, तिचा पिण्याच्या टाकीशी एकही जोड नाही, व्हॉल्व्ह लावूनसुद्धा नाही. आणि वर्षातून एकदा ती बंद-उघडची चाचणी, सभासदांसमोर.

दुसरं असं की मी संडासाचं पाणी परत आणा असं म्हणतच नाहीये. सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांनी आणलं, त्यांचं त्यांना लखलाभ. आपल्या इमारतीत एक गोष्ट आयती आहे, ती तुम्ही मागच्या डक्टमध्ये वाकून बघा. संडासाचा जाड पाईप वेगळा उतरतो आणि बाथरूम-बेसिनचा वेगळा, खाली गली ट्रॅपमध्ये. स्वयंपाकघराचा तर पलीकडच्या बाजूला आहे. जुन्या पद्धतीचं काम. नव्या टॉवरमध्ये बऱ्याचदा सगळं एकाच पाईपमध्ये घालतात, तिथे वेगळं काढणं कठीण. आपल्या बिल्डरने बाकी काय केलं आणि काय नाही यावर आपण पंचवीस वर्षं बोलतोय, पण हे काम त्याने नकळत आपल्या फायद्याचं करून ठेवलंय. फक्त अंघोळीचं आणि बेसिनचं साबणाचं पाणी खाली चेंबरपाशी अडवायचं. खरकट्या-तेलाचं घ्यायचं नाही, तेलाने गाळणी बसते. फ्लशला लागतं त्यापेक्षा ते जास्तच भरेल.

पण त्याआधी, आणि हे उद्याच करता येईल, जुन्या फ्लशच्या टाक्या बदला. आपल्यापैकी कित्येकांकडे अजून दहा लिटरची टाकी आहे. तीन आणि सहा लिटरच्या दोन बटणांची आता सगळीकडे मिळते. गळणारा फ्लश तर रात्रभर वाहतो आणि आवाजही करत नाही. कमोडच्या टाकीत थोडं हळदीचं पाणी टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका, भांड्यात पिवळं दिसलं तर गळतंय. मागच्या वर्षी आमच्या घरीच निघालं. तेहतीस वर्षांचा अनुभव आणि स्वतःचा फ्लश गळका!

खर्चाचे आकडे मी सांगत नाही, दोन्ही कोटेशनं कमिटीकडे आहेत, ती बघा आणि भांडा. एवढं सांगते की आत्ता दुसरा पाईप टाकायचा खर्च पाईपचा आणि थोड्या मजुरीचा आहे. परांची आणि फोडाफोड तर होणारच आहे. हीच गोष्ट पाच वर्षांनी करायची म्हटली तर प्रत्येकाच्या बाथरूमच्या टाइल्स पुन्हा फुटतील, आणि तेव्हा कुणी तयार होणार नाही, मीसुद्धा नाही. शुद्धीकरणाची टाकी या वर्षी परवडत नसेल तर पुढच्या वर्षी बसवा. तोपर्यंत त्या पाईपमधून बोअरचं पाणी सोडा. पाईप मात्र आत्ता.

आणि एक माणूस लागेल, तो खर्च महिन्याचा आहे, तो लपवू नका. ब्लोअरला वीज लागते. वीज गेली की पाणी कुजतं, वास येतो. आमच्याकडे एक ऑपरेटर होते, रोज सकाळी काचेच्या बरणीत शुद्ध पाणी भरून झाकण लावून खिडकीत ठेवायचे आणि कालची, परवाची बरणी उघडून वास घ्यायचे. तिसऱ्या दिवशीही वास नाही म्हणजे प्लांट ठीक. प्रयोगशाळेचा अहवाल आठवड्याने यायचा, त्यांना आधीच कळलेलं असायचं. आपले पंप सांभाळणारे दादा तिकडे मागे उभे आहेत. आपल्या टाकीची पातळी ते वहीत लिहितात, हे किती जणांना माहीत आहे? मी ती वही बघितली आहे. एकही दिवस कोरा नाही. दादा, तुमचा पगार वाढवायचा प्रस्तावही त्या ठरावातच घालावा असं माझं मत आहे, आणि आता सेक्रेटरी माझ्याकडे बघतायत म्हणून मी थांबते.

(भाषणानंतर सी विंगमधल्या आजींनी उभं राहून विचारलं, "म्हणजे माझ्या देवाच्या पाण्यात ते येणार नाही ना?" मी म्हटलं, "आजी, ठराव पास झाला तर चाचणीच्या दिवशी पहिला नळ तुमच्याच घरातला उघडू." त्या म्हणाल्या, "तारीख आधी सांग. मुलीकडे जायचंय, मी ते पुढे ढकलते.")